बोटांवर कोणता माल?

माझं वजन पहिल्यांदा चारचौघांत झालं ते ट्रकच्या काट्यावर. ईदचा दिवस होता. लोखंडी पाट्यावर चाचांचं अख्खं कुटुंब उभं होतं. चाची, दोन मुलं, दोन सुना, नातवंडं, अमरावतीहून आलेली मुलगी, आणि सगळ्यांत कडेला, नवे कपडे नसलेले आम्ही तिघं. चाचा खोलीच्या खिडकीतून ओरडत होते, "पाय आत घ्या! दुपट्टा बाहेर लोंबला तं चालते, पाय नोको!" मग आत आकडा उमटला आणि चाचा खुर्चीवरून उठून बाहेर आले. त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं, ती काडी. मुलीकडे पाहिलं, ती आईवर गेलेली. मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"भाऊ," ते म्हणाले, "मागच्या ईदेपेक्षा आकडा लय पुढं गेला. तुह्यात काय भरलं हाये बाप्पा?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

दारव्ह्याहून यवतमाळकडे निघालं की डाव्या हाताला चाचांचा धरमकाटा आहे. कापसाची, सोयाबीनची गाडी आधी भरलेली चढते, मग रिकामी होऊन परत चढते, मधला फरक तो माल. काट्याला लागून त्यांचे गाळे होते आणि त्यातल्या एकात माझं कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, फवारणीचं औषध, आणि गिऱ्हाईक नसलं की चहा. गिऱ्हाईक बरेचदा नसे. घरमालक म्हणून चाचांनी मला कधी त्रास दिला नाही. शेजारी म्हणून ते दिवसातून कितीतरी वेळा माझ्या दुकानात यायचे आणि दर वेळी एखादा प्रश्न सोडून जायचे. मुंगी पडली तर तिला लागत का नाही? गाईला दूध येते, मग तिचं वजन कमी होते का? मी तिथं होतो त्या दोन वर्षांत औषधं किती विकली आठवत नाही, पण असल्या प्रश्नांवर डोकं पुष्कळ खाजवलं.

ईदेच्या वजनाची पद्धत त्यांचीच. त्या दिवशी काटा रिकामा असतो म्हणून सुरू झाली आणि मग चुकवता येईना. एकट्याचं वजन ते कोणालाच सांगत नसत. आकडा सगळ्यांचा मिळून एकच. म्हणून तर सुना हसत हसत चढायच्या. शीरखुर्म्याच्या आधी एकदा सगळे उभे राहत आणि जेवणं झाल्यावर पुन्हा एकदा. आता ट्रकचा काटा तो, दहा-दहा किलोंच्या उड्या मारणारा. अधलंमधलं त्याला कळत नाही. त्यामुळे पातेलंभर शीरखुर्मा, बिर्याणी, वर दहीवडे पोटात गेले तरी आकडा बहुतेक वेळा तोच यायचा. चाचा दर वर्षी खिडकीत उभे राहून चकित व्हायचे. "एवढं खाल्लं, ते गेलं कुठी?" काट्याच्या उड्या त्यांच्याइतक्या कोणाला ठाऊक होत्या? तरीही चकित व्हायचे. ती त्यांची हौस होती.

आणखी एक हौस म्हणजे चुकण्याची. समोरून गाडी आली की चाचा आधी अंदाज सांगायचे, मग काटा बघायचे. अंदाज बरोबर आला तर नुसते "हं" म्हणून गप्प बसत. चुकला की चेहरा उजळायचा. "चुकलो! चुकलो, भाऊ!" असं ओरडत माझ्या दुकानात यायचे, जणू घरी पाहुणा आला. मी आयुष्यभर चुका लपवण्यात घालवलेला माणूस. मला ते बघून गंमत वाटायची आणि थोडा हेवाही.

तर चाचांचे गुडघे दुखायचे. त्यावर त्यांचा सिद्धांत तयार होता आणि तो गाडीतूनच निघालेला होता. "माणूस म्हंजे गाडी. गुडघे म्हंजे शॉकअप. ओव्हरलोड भरशील तं शॉकअप बसन. यात समजाचं काय हाये?" स्वतःच्या पोटावर थापटून ते म्हणायचे, "हा माल उतरला की गाडी ठीक." माल मात्र उतरत नव्हता. ट्रकवाले चहा पाजायचे, तो पाकासारखा गोड. सकाळी पोहा-तर्री, दुपारी चाचीच्या हातचं, संध्याकाळी बसस्टँडवरचा आलूबोंडा. वजन करायला ते फक्त स्वतःच्या काट्यावर उभे राहायचे. औषधाच्या दुकानातला छोटा काटा त्यांना मंजूर नव्हता. "ते खेळणं हाये. त्यावर सरकारी शिक्का कुठी हाये?"

या सिद्धांताला घरातच एक अडचण होती. चाची. त्या चाचांहून काही कमी नव्हत्या, पण बाजाराच्या दिवशी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन टेकाड चढून यायच्या, जमिनीवर बसून भाकरी थापायच्या आणि हात न टेकता उठायच्या. चाचा त्यांच्याकडे टक लावून बघायचे.

"हिचे शॉकअप कोणत्या कंपनीचे हायेत?"

"मैं काम करती," चाची म्हणायच्या. "तुम दिनभर आकडा देखते बैठते."

गुडघ्याचं दुखणं नुसतं दुखण्यापुरतं असतं तर चाचांनी ते मजेत सोसलं असतं. पण एकदा मशिदीत असं झालं की सजद्यात गेले आणि उठता आलं नाही. अख्खी रांग उभी राहिली, चाचा खालीच. शेजारच्या दोघांनी काखेत हात घालून उचललं. त्या दिवसापासून त्यांच्यासाठी रांगेच्या टोकाला एक प्लास्टिकची खुर्ची आली. बाकीचे कपाळ जमिनीला टेकवायचे, चाचा खुर्चीत थोडेसे पुढे वाकायचे.

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा हातातला चहा थंड होऊन गेला होता. चाचांचा चहा थंड झालेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मौलाना म्हंते, मजबुरीत खुर्ची चालते. अल्ला कबूल करते." मग तो कप बाजूला सारून, "पण मलेच कबूल नाई ना भाऊ. त्याले मी काय करू? कपाळ जमिनीले टेकल्याबिगर वाटतच नाई की आपण काही बोललो."

देवळात गेलो तर मी बाहेरूनच हात जोडतो, कारण चप्पल काढायला वाकावं लागतं.

माझंही दुखणं त्याच सुमारास सुरू झालं. उजवा खांदा. वरच्या फळीवरची औषधाची बाटली काढायला हात वर केला आणि तो खांद्याच्या उंचीवरच थांबला. पुढे जाईना. मी हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, आता वरच्या डब्यातले लाडू वाचतील." चाचांना सांगितलं तर ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि खांदा दाबून दाबून बघू लागले.

"कायले जाम झाला?"

"काय माहीत."

"तुह्या खांद्यावर कोणतं वझं हाये? पोतं तं तू उचलतच नाई."

"नाही उचलत."

"बायको उचलून घेतं काय?"

"चाचा!"

"मंग खांदा काहून जाम झाला?" त्यांचे डोळे चमकायला लागले. मग त्यांनी स्वतःचे दोन्ही हात माझ्या काउंटरवर ठेवले. बोटांची पेरं सुजलेली, आखडलेली. काही दिवसांपासून काट्याच्या मशीनची पावतीसुद्धा त्यांना टरकन फाडता येत नव्हती. मी शेजारून जाऊन फाडून द्यायचो. "हे पाह्य. गुडघ्यावर मी बसलो हावो, मान्य. पण बोटांवर कोणता माल भरला? बोटं तं हवेत असते!"

आणि मग, हळूच, अगदी आनंदानं, "भाऊ, मी कुठीतरी चुकून राह्यलो वाटते."

त्या चुकीच्या शोधात आम्ही दोघं काळीपिवळीत बसून यवतमाळला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. जीपमध्ये मागच्या सीटवर तिघांच्या जागेत आम्ही दोघं बसलो आणि तिसऱ्यानं बाहेर लटकून प्रवास केला. दवाखान्यात नर्सनं चाचांना वजनाच्या काट्यावर उभं केलं तर ते खाली वाकून काट्याच्या बाजूला शिक्का शोधू लागले. रक्त घेतलं, फोटो काढले. माझंही रक्त घेतलं. मी नुसता सोबत आलो होतो, पण बाईंनी माझा खांदा पाहिला, पोट पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्हीही द्या."

बाई तरुण होत्या, आणि त्यांना घाई नव्हती हे आमचं नशीब. चाचांच्या गुडघ्याचा फोटो त्यांनी उजेडावर लावला.

"काका, झीज आहे. पण गंमत अशी की जितकं दुखतंय म्हणता, तितकी झीज नाही. कित्येकांचे गुडघे याहून खराब असतात आणि ते चालत येतात."

"म्हंजे मी खोटं बोलून राह्यलो?"

"नाही हो. दुखणं खरंच आहे. ते फक्त झिजेतून येत नाही, एवढंच. तुमची साखर खूप वाढलेली आहे. रक्तदाबही."

मग चाचांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि तो प्रश्न विचारला. बोटांवर कोणता माल?

बाई हसल्या आणि खुर्चीत नीट बसल्या. त्या बोलल्या ते मी माझ्या शब्दांत सांगतो. गाडीतला माल गप्प बसतो, पण पोटातली चरबी गप्प बसत नाही. ती रक्तात रसायनं सोडत राहते. त्यामुळे अंगात एक बारीक सूज कायमची मुरून राहते. वाढलेली साखर त्यात भर घालते, सांध्याभोवतालच्या दोऱ्या-पडदे ताठर करते. रक्त काही फक्त गुडघ्यात जात नाही. ते बोटांतही जातं आणि यांच्या खांद्यातही. साखरवाल्यांचे खांदे असे जाम होताना त्या नेहमी बघतात.

"यांच्या" म्हणताना बाईंनी माझ्याकडे बोट केलं. माझी साखर काठावर नव्हती, काठ ओलांडून आत आली होती.

चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पुढे झुकले होते. "म्हंजे माल बोलते?"

"बोलतो. सारखा."

"अन् माह्या घरवालीचा माल काहून नाई बोलत? ती तं माह्याएवढीच हाये."

"त्या दिवसभर हिंडतात-फिरतात ना? त्यानं फरक पडतो. शिवाय चरबी कुठे साठते, शरीर साखर कशी वापरते, हे प्रत्येकाचं निराळं. सगळं आम्हालाही कळलेलं नाही, काका."

हे शेवटचं वाक्य चाचांना इतकं आवडलं की पुढे कित्येक दिवस ते ट्रकवाल्यांना सांगत, "डॉक्टरीण हुशार हाये. तिले सगळं समजत नाई."

पण निघताना त्यांनी खरा प्रश्न विचारला. ऑपरेशन करून नवीन गुडघे बसवले तर सजदा करता येईल का?

बाईंनी खोटा धीर दिला नाही. इतक्या साखरेत त्या ऑपरेशन करणारच नव्हत्या; जखम चिघळण्याची भीती. आणि पुढे केलंच, तर चालणं सोपं होईल, दुखणं जाईल, पण जमिनीवर गुडघे टेकून बसू नका असं त्या बहुतेकांना सांगतात. "तुमच्या स्वतःच्या गुडघ्यांना आधी एक संधी देऊ. साखर उतरवा, वजन उतरवा, मांडीचे स्नायू बळकट करा. झिजलेलं परत येणार नाही. दुखणं किती कमी होईल ते आत्ता सांगता येत नाही. पण करून पाहण्यासारखं आहे."

परतीच्या जीपमध्ये चाचा दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. लाडखेड गेल्यावर म्हणाले, "म्हंजे जे करायचं ते याच गुडघ्यांवर."

मग सुरू झाला तो प्रकार दारव्ह्यातल्या काही लोकांना अजून आठवत असेल. काट्याच्या खोलीत चाचा खुर्चीवरून उठायचे, बसायचे, उठायचे, बसायचे. गाडीवाल्यांना वाटे, म्हातारा कोणाची शिक्षा भोगतोय? गाडी काट्यावर असली की चाचा तिच्याभोवती फेऱ्या मारत. पाहणाऱ्याला वाटे, टायर तपासतायत. चहात साखर बंद झाली. चाचीनं भात कमी केला आणि ज्वारीची भाकरी वाढली. आलूबोंडा बंद झाला असं चाचा सांगत. मी बसस्टँडवर त्यांना भेटलो नाही हे खरं, पण त्याचं कारण मी लपून खात होतो. मला बघून ते मोठ्यानं विचारतील, "खांदा काय म्हंते?" ही भीती.

शिवाय ते चौकशी करत सुटले. ज्याला त्याला विचारायचे, "तुह्ये बोटं दुखते काय? साखर पाह्यली काय?" एका ट्रकवाल्याला वाटलं, हे डायबेटिसचं औषध विकून राह्यले. बारीक अंगाचा, गुडघे धरून चालणारा एक माणूस भेटला तेव्हा तर ते थेट माझ्याकडे धावले. धावले म्हणजे त्यांच्या मानानं. "रिकामी गाडी, अन् शॉकअप बसलेले! बोल आता!"

सगळं ठीक चाललं होतं, पण वजन करायचं ते त्या दहाच्या उड्यांवर. सुरुवातीला एकशे दहा होतं. दिवसामागून दिवस एकशे दहाच. मग एका सकाळी एकदम शंभर. त्या दिवशी चाचांनी रोडवरच्या सगळ्यांना चहा पाजला, बिनसाखरेचा, त्यामुळे फार कोणी आशीर्वाद दिले नाहीत. आणि त्यानंतर आकडा अडला तो अडलाच. शंभर. पावसाळा लागला, शंभर. सोयाबीनला शेंगा धरल्या, शंभर.

एक दिवस चाची माझ्या दुकानात आल्या. कधी येत नसत. "भाऊ, आप समझाओ इनको. कल जलेबी लाए. बोलते, काटा हिलताच नहीं, तो कायको मरना?"

मी गेलो. चाचा खोलीत पाय पसरून बसले होते.

"चाचा, मागच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर उतरलेली निघाली ना? बाई किती खूश झाल्या होत्या."

"साखर दिसत नाई, भाऊ. आकडा दिसते."

"मग दुसऱ्या काट्यावर उभे राहा. अधलंमधलं दिसेल."

"खेळण्यावर?"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. ज्या काट्यावर आयुष्यभर गावाचा माल तोलला, त्याच्यापेक्षा औषधाच्या दुकानातल्या डबीवर ते विश्वास ठेवणार नव्हते. पण जलेबी पुन्हा आली नाही. आणि उठ-बैस थांबली नाही. फक्त ते आता आकड्याकडे बघत नसत, रुसल्यासारखे.

दिवाळी तोंडावर आली होती. सोयाबीनच्या गाड्यांची रीघ दुपारी जरा थांबली तेव्हा चाचांनी मला हाक मारली. "भाऊ, दुकान तसंच राहू दे, इकडं ये." बघतो तर काट्याच्या लोखंडी पाट्यावर त्यांनी रिकाम्या बारदान्याच्या घड्या घातल्या होत्या, त्यावर जानमाज अंथरला होता आणि बाजूला खोलीतली खुर्ची आणून ठेवली होती. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजची वेळ.

"इथं?"

"मशिदीत अडकलो तं गाव पाह्यते. घरी अडकलो तं तुह्यी चाची पाह्यते. इथं तू एकटा. अन् तुह्यं काय, तुले कोण विचारते?" मग कठड्याकडे बोट दाखवून, "हे धरून उठता येते. तू आत बस. कोणी गाडी चढवू देऊ नोको."

मी आत जाऊन बसलो. बारदाना, खुर्ची धरून मशीन त्यांनी आधीच शून्यावर आणून ठेवलं होतं. समोर तांबडा आकडा. शंभर.

खिडकीतून दिसत होतं. चाचा उभे राहिले, हात बांधले. कमरेत वाकले. आकडा शंभर. पुन्हा सरळ झाले. मग एक हात कठड्यावर ठेवून त्यांनी एक गुडघा खाली नेला. थांबले. दुसरा नेला. आकडा शंभरच. मग हात पुढे टेकले आणि चाचांचं कपाळ खाली गेलं.

तेवढ्यात सोयाबीनचा ट्रॅक्टर आला, हॉर्न देत. मी बाहेर धावलो आणि थांबवायला उजवा हात वर केला. तो खांद्यापाशी थांबला. ट्रॅक्टरवाल्याला वाटलं, मी पुढे बोलावतोय. शेवटी डावा हात उंचावला तेव्हा तो थांबला.

"काय झालं जी? काटा बिघडला काय?"

"चालू हाये. त्यावर माल हाये."

त्यानं मान लांब करून पाहिलं आणि इंजीन बंद केलं. डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. सगळीकडे एकदम शांत झालं.

चाचा उठेनात.

आता नमाजमध्ये माणसाला हाक मारता येत नाही, एवढं मला माहीत होतं. पण अडकलेल्या माणसाला उचलायचं असतं, हेही माहीत होतं. अडकलेत की रमलेत, हे मागून कसं ओळखावं? मी दोन पावलं पुढे जायचो, एक मागे यायचो. ट्रॅक्टरवाला कुजबुजला, "जाऊ काय धरायले?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही.

मग चाचांची पाठ हलली. ते सावकाश बसते झाले. आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकतो न टाकतो तोच ते पुन्हा खाली गेले, दुसऱ्या सजद्याला. यावेळी लवकर उठले. कठडा धरून, तोंड वाकडं करून, पण स्वतः. बाकीची नमाज त्यांनी बाजूच्या खुर्चीवर बसून पुरी केली.

खोलीत आले तेव्हा कपाळाला बारदान्याची धूळ होती. ती त्यांनी पुसली नाही.

"चाचा, अडकले होते काय?"

"हौ. आधी अडकलो." ते खुर्चीत टेकले. "मंग म्हटलं, इतक्या दिवसानं आलो हावो, लगेच कायले उठा?"

दोन्ही गुडघे चोळले. मग विचारलं, "आकडा किती होता?"

"शंभर. पावसाळ्यापासून आहे तेवढाच."

"खाली गेलो तेव्हा?"

"तेव्हाही शंभर."

चाचा माझ्याकडे बघत राहिले, आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला. "म्हंजे माल तेवढाच, अन् गाडी खाली बसून उठली!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "चुकलो! भाऊ, मी साफ चुकलो!"

बाहेरून ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "चाचा, आता चढवू काय?"

"चढव बाप्पा, चढव!"

ट्रॅक्टर चढला, आकडे धावले, थांबले. पावती मशीनमधून बाहेर आली. मी सवयीनं ती फाडायला हात पुढे केला, तर तोही नेमका उजवा, अर्ध्यातच राहिला. तोवर चाचांनी ती टरकन फाडली होती. मग ते त्या दोन बोटांकडे बघतच राहिले. फिरवून पाहिली, मिटून पाहिली, उघडून पाहिली.

पावती खिडकीतून बाहेर देऊन ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर नवा प्रश्न सापडल्याचा आनंद होता.

"चल भाऊ. शर्ट काढ. आता तुह्या खांद्याचं पाहू."